काकीची भिंत आणि प्लास्टरचा डोकरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या बाईंचे. आई-वडिलांचे उपकार मोजायचे नसतात म्हणून ते बाजूला ठेवतो.

'बाई' या शब्दावरूनच आमची ओळख पक्की झाली. रायपुरात बाई म्हणजे घरची भांडी घासायला येते ती. पण माझी आई गोंदियाकडची. तिच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई, आणि बाईंपुढे मान वर करून बोलायची कोणाची हिंमत नसे. मी चित्रकला शिकायला निघालो तेव्हा आईने बजावलं होतं की मॅडम-बिडम म्हणू नको, मराठी आहेत, बाई म्हण. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हटलं, "बाई, कुठं बसू?" समता कॉलोनीतल्या डॉक्टरांची मुलगी तिथे आधीपासून शिकत होती. तिच्या हातातली कोळशाची कांडी खाली पडली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भैया, इतनी बड़ी आर्टिस्ट हैं, आप उनको बाई बोल रहे हो?" बाईंना ते ऐकू गेलं. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नागपूर सोडल्यापासून आपल्याला कोणी बाई म्हटलंच नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून बाकीच्यांच्या त्या मैडम आणि माझ्या एकट्याच्या बाई.

मी रायपूरला लागून असलेल्या बीरगांवचा. बाबा उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. शाळा हिंदी माध्यमाची, कॉलेजही हिंदीतलंच. घरात मराठी बोलायची, पण लिहायची वेळ कधी आली नाही. बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या खानदानातला मी पहिला ग्रॅज्युएट. बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले आणि घरी येऊन सांगितलं की सुपरवायझरसाहेबांनी उठून हात मिळवला.

कॉलेजात असतानाच मी बोर्ड रंगवायला लागलो होतो. राज्य नुकतंच नवं झालं होतं. शहरातल्या प्रत्येक कचेरीवर, शाळेवर, दवाखान्यावर 'म.प्र.' लिहिलेलं होतं आणि ते खोडून 'छत्तीसगढ़' लिहायचं होतं. जिथे दोन अक्षरं होती तिथे पूर्ण नाव बसवायचं, म्हणजे अक्षरांची कंबर आवळावी लागते. ते मला छान जमायचं. पट्टी न लावता, खडूने खूण न करता मी 'ढ़' असा काढायचो की रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यातले जुने पेंटरही उभे राहून बघायचे. माझ्या हाताबद्दल मला खात्री होती, आणि ती खोटी नव्हती.

बाईंकडे मी शिकायला म्हणून गेलोच नव्हतो, बोर्ड लिहायला गेलो होतो. आरंगच्या रस्त्यावरून आत एक गाव आहे. तिथे बंद पडलेल्या भाताच्या मिलचं गोदाम बाईंनी घेतलं होतं. यजमान सिंचन खात्यात होते, ते गेल्यावर बाई नागपूरला परतल्या नाहीत. त्यांनी गोदामाच्या पुढच्या भागात चित्रं लावली, मागच्या भागात वर्ग सुरू केला. बाजाराच्या दिवशी गावातली माणसं डोक्यावरच्या टोपल्या दारात उतरवून आत येत, चित्रं बघत, आणि या चित्रातली गाय कोणाची यावर वाद घालून निघून जात. मी 'चित्रशाला' एवढं लिहिलं आणि सवयीप्रमाणे खालच्या कोपऱ्यात मी काम करायचो त्या पेंटरच्या दुकानाचं नाव आणि 'बीरगांव' असं झोकात टाकलं. बाई मागे उभ्या होत्या.

"हात चांगला आहे रे तुझा," त्या म्हणाल्या. "पण तू पाहत नाहीस."

मला राग आला. बोर्डवाल्याला असं कोणी म्हणत नाही. मी म्हटलं, काय बघायचं ते सांगा. त्यांनी मला आत नेलं. टेबलावर प्लास्टरचं एक डोकं होतं, नागपूरच्या कोण्या कॉलेजातून निकालात निघालेलं. दाढीवाला म्हातारा, एक कान फुटलेला. सगळे त्याला डोकरा म्हणत. मी कागद घेतला आणि चहा होईपर्यंत डोकरा काढून दिला, दाढीच्या वळणांसकट. बाईंनी चित्र हातात घेतलं, खिडकीजवळ नेलं, आणि म्हणाल्या की हा डोकरा नाही, हा डोकऱ्याचा बोर्ड आहे. सोमवारपासून ये.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"मले सांग," ते म्हणाले, "पेंटरकीच करायची होती तर बी.कॉम. काहून केलं?"

बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी सुपरवायझरसाहेबांना माझ्यासाठी शब्द टाकला होता. मिलच्या स्टोअरमध्ये बाबूची जागा होणार होती. पंख्याखाली बसायचं काम, आणि बाबांनी आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून पंखा फक्त लांबून पाहिला होता. शेवटी आईने मधला रस्ता काढला. जागा दिवाळीनंतर भरणार आहे ना, तोवर पोट्ट्याला जाऊ द्या. बाईंकडे नियम होता की कोळशाचं चित्र त्यांच्या मनासारखं उतरल्याशिवाय कोणाला रंग देत नसत. दिवाळीनंतरच्या एकादशीपर्यंत बाईंनी मला रंग दिला तर मी पुढे शिकेन, नाही तर स्टोअरमध्ये बसेन. बाबांनी होकार दिला. बाई रंग देणार नाहीत, असं त्यांना मनातून वाटत असावं.

मला मात्र वाटत होतं की महिनाभरात होऊन जाईल.

बाईंची शिकवण्याची पद्धत अशी. डोकऱ्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर कागद लावायचा. मागे जमिनीवर चुन्याची एक रेघ. त्या रेघेवर उभं राहून डोकऱ्याकडे बघायचं, डोळे बारीक करून, म्हणजे बारकावे जातात आणि फक्त उजेड आणि सावली उरते. काय बघितलं ते मनात धरून पुढे जायचं, कागदावर एक खूण करायची, आणि पुन्हा मागे रेघेवर यायचं. सरळ-वाकडं तपासायला दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. कागदाजवळ उभं राहून काढत बसायची मनाई. बाईंच्या तोंडी दिवसभर एकच, "मागे जा."

बोर्डवाल्याचं नाक नेहमी बोर्डाला टेकलेलं असतं. मला मागे जाणं म्हणजे शिक्षाच वाटायची. शिवाय माझी सवय आधी कडा काढायची, मग आत भरायचं. अक्षर तसंच काढतात. बाई म्हणायच्या की डोकऱ्याला कडा नाहीच, कुठे काळी रेघ दिसते का ते दाखव. मी डोकऱ्याकडे बघायचो, रेघ दिसायची नाही, आणि कागदाजवळ गेलो की हात आपोआप रेघ ओढायचा. डॉक्टरांच्या मुलीला यात फार मजा वाटायची. "पेंटर भैया, नीचे मोबाइल नंबर भी लिख दो," असं ती म्हणायची. मीही तिला सोडत नसे. तिचा डोकरा इतका धूसर असायचा की मी विचारायचो, याला मोतीबिंदू झालाय का, पप्पांना दाखव.

पावसाळा गेला. माझं तिसरं चित्र चालू होतं आणि ते चांगलं होत होतं. मापात कुठेही चूक नव्हती. फुटका कान अगदी फुटल्यासारखा. डावीकडून मोठ्या खिडकीचा उजेड यायचा, तो कपाळावर आणि गालावर बरोबर उतरला होता. उजवी बाजू सावलीत. ती मी दाट काळी भरली होती, कारण डोळे बारीक केले की ती तशीच दिसायची. गावातला जो येईल तो म्हणायचा, हा तर बोलेल आता. बाई मात्र एकदा नुसतं म्हणाल्या, पत्र्यातून कापल्यासारखा वाटतो. मी विचारलं, कुठे चुकलं? त्या म्हणाल्या, चुकलं नाही. आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. हे 'चुकलं नाही' मला फार लागलं. चूक असती तर दुरुस्त करता आली असती.

मग दिवाळी जवळ आली.

त्या गोदामाला उजव्या बाजूला एक मोठी उघडी वाट होती, पूर्वी पोती बाहेर काढायला ठेवलेली. तिला दार नव्हतंच. पलीकडे अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे एका काकीच्या घराची लांबलचक मातीची भिंत. पावसाने भिजून ती भिंत काळपट तपकिरी झालेली असायची. आम्ही तिच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. दिवाळीच्या आधी छत्तीसगढ़च्या गावांतून बायका छुही मातीने भिंती पोततात, म्हणजे सारवून पांढऱ्या करतात. छुही म्हणजे पांढरीशुभ्र माती, चुन्याहून मऊ. मी एक दिवस बोर्डाच्या कामासाठी रायपुरात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी येऊन रेघेवर उभा राहिलो, तर डोकरा बदललेला होता.

माझ्या लगेच लक्षात आलं नाही. आधी वाटलं कोणी टेबल हलवलं. ओळंबा धरून बघितलं, सगळं जागच्या जागी. मग डोळे बारीक केले तर उजवी बाजू काळी दिसेचना. जबड्याखाली, कानामागे, मानेवर एक मंद उजेड पसरला होता, जसा दुधाचा हात फिरवावा. वळून बघितलं तर उघड्या वाटेतून काकीची भिंत ऊन पिऊन लखलखत होती. आणि काकी खाली बसून उरलेली छुही कुडाला लावत होती.

मी गल्लीत गेलो. काकीला वाटलं मी भिंत बघायला आलो. तिने मोठ्या खुशीत विचारलं, कशी झाली? मी माझं दुःख सांगितलं, की भिंतीमुळे माझ्या चित्रातली सावली खोटी पडली. तिने मान वाकडी करून आत टेबलावर बसलेल्या डोकऱ्याकडे बघितलं.

"देवारी म भिथिया नइ पोतबो त कब पोतबो?" ती म्हणाली. दिवाळीत भिंत पोतायची नाही तर कधी पोतायची. मग तिला एक चांगली गोष्ट सुचली. "तोर डोकरा ल घलो पोत दँव का?"

डोकऱ्यालाही पोतून देऊ का, हा प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता. डोकरा पिवळा पडलाच होता.

एकादशी जवळ आली होती. आत आलो तर डॉक्टरांच्या मुलीने उपाय तयार ठेवला होता. त्या वाटेवर काळी ताडपत्री टांगायची, बस. उजेड यायचा बंद, डोकरा पहिल्यासारखा. तिचंही चित्र बिघडलं होतं, पण तिचं अर्धंच झालं होतं. माझं जवळजवळ पूर्ण होतं. मला उपाय पटला. बोर्डवाल्यांकडे ताडपत्रीला काय तोटा. दुसऱ्या दिवशी मी बीरगांवहून ताडपत्री आणि सुतळी घेऊन आलो आणि शिडी लावून वर चढलो. बाई चहाचा कप घेऊन खाली येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिला?"

मी सांगितलं.

"म्हणजे डोकऱ्याले तुझ्या चित्रासारखा बनवून राहिला."

बाई रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भिंत काकीची आहे, चित्र तुझं आहे. जे तुझं आहे ते बदल. ताडपत्री टांगायची तर टांग, मी नाही म्हणत नाही." आणि आत गेल्या.

मी सुतळी पुन्हा गुंडाळली. खाली येऊन ताडपत्री घडी घालून ठेवली तेव्हा मला भीती वाटत होती असं नाही. मला वाटत होतं की आता स्टोअरच. एवढ्या थोड्या दिवसांत अर्धा चेहरा पुन्हा उभा करणं होणार नव्हतं. पण जायचंच असेल तर खोटी सावली ठेवून जायचं नाही, एवढं ठरलं.

कणकेसारखं मळायचं एक रबर असतं. ते कोळशावर दाबून उचललं की कोळसा त्याच्याबरोबर येतो. मी उजव्या बाजूचा काळेपणा उचलायला सुरुवात केली. मागे जायचो, बघायचो, पुढे येऊन थोडंसं उचलायचो. या वेळी हाताला काही ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तो डोळ्याचं ऐकत होता. कानामागे उजेड किती? गालापेक्षा कमी, मानेपेक्षा जास्त. जबड्याखालचा उजेड कुठे संपतो? तो संपतच नव्हता, हळूहळू पार्श्वभूमीत मिसळत होता. तिथली माझी रेघ आडवी येत होती. मी ती उचलली. मग कानाजवळची उचलली. तीन-चार दिवसांनी रेघेवर उभा राहून डोळे बारीक केले तर कागदावरचं डोकं गोल झालेलं होतं. त्याला मागची बाजू होती. हात घातला तर मागून फिरवता येईल असं वाटलं.

मी कोणाला हाक मारली नाही. मला कळलं होतं, तेवढं पुरे होतं. आजही मी हे बढाई म्हणून सांगत नाही. सायकल चालवायला आली की कोणाला विचारावं लागत नाही, तसं ते होतं.

एकादशीला गावात ऊस उभे करून पूजा चालू होती. बाई चुन्याच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग जवळ आल्या, पुन्हा मागे गेल्या. डॉक्टरांची मुलगी माझ्याकडे बघत होती आणि या वेळी तिने काही टोमणा मारला नाही.

"रंग घे," बाई म्हणाल्या.

मी झटकन म्हटलं, "जी, जी मैडम, सोमवार से ही शुरू करता हूँ."

बाईंनी हात वर केला. "थांब. आत्ता हो म्हणू नको. तू घाबरला की हिंदीत बोलतो, आणि हिंदीत तू सगळ्यायले जी म्हणतो. साहेबाले जी, मले जी, उद्या बाबाले जी. रंगाचं शिक्षण चार वर्षांचं आहे. घरी जा, बाबांशी बोल. मी भावाकडे अमरावतीला जाऊन राहिली. तिथं मले चिठ्ठी लिही. मराठीत. हो असलं तर हो, नाही असलं तर नाही. नाही असलं तरी मी रागावणार नाही."

मराठीत मी तोवर एक ओळ लिहिलेली नव्हती. 'ळ' कसा काढतात ते आईला विचारून शिकलो. तिने जिथे जिथे चूक दाखवली तिथे सुधारत गेलो आणि चांगली प्रत अमरावतीला पाठवली. कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. ती इथे उतरवतो.

बाईंना साष्टांग नमस्कार.

मी पोचलो. घरी सगळे बरे आहेत. तुमची तब्येत बरी असेल.

बाबांशी बोललो. लगेच नाही बोललो, दोन दिवस हिंमत झाली नाही. मग ते ड्यूटीवरून आले तेव्हा चित्र पिशवीतून बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यांना म्हटलं, बाबा, जरा मागे जाऊन पाहा. आमची खोली लहान आहे. ते मागे जाता जाता दारातून बाहेर गेले आणि अंगणातून पाहिलं. मी त्यांना सांगितलं की मला स्टोअरमध्ये बसायचं नाही. त्यांना 'नाही' मी पहिल्यांदाच म्हटलं. बाबा, तुम्ही शब्द टाकला त्याचं मला वाईट वाटते, पण तिथं बसलो तर मी चांगला बाबू होणार नाही, आणि बाईंकडे मी चांगला होईन, हे मला माहीत आहे. असं म्हटलं.

बाबा म्हणाले, साहेबाले काय सांगू? मी म्हटलं, मी येतो तुमच्यासंगं, मी सांगतो. काल आम्ही दोघं गेलो. साहेबांनी विचारलं, ग्रॅज्युएट होके पेंटर बनेगा? मी उत्तर देणार होतो, पण बाबाच बोलले. ते म्हणाले, साहब, चार साल का कोर्स है, ऐसे ही नहीं बनते. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, आता चार वर्षं मले खोटा पाडू नको.

म्हणून माझं उत्तर हो आहे. हे मी मराठीत लिहून राहिलो आहे आणि घाबरून लिहीत नाही.

संध्याकाळी बोर्डाची कामं करीन, दिवसा तुमच्याकडे येईन. तुम्ही आल्यावर मागचं पुढचं सगळं ठरवू.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही रंगात जवसाचं तेल लागते म्हणाल्या होत्या. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली की दुकानातलं काहून घेता, मामाच्या गावचं घाण्याचं तेल आहे, एकदम शुद्ध. तिनं मामाला निरोपही धाडला, डबा येऊन राहिला आहे. पण ते भाजीत टाकायचं तेल आहे. चित्राला चालते का? नसेल चालत तरी तसं आईला कळवू नका, मलाच कळवा. मी तिला काहीतरी सांगीन.

आपला विद्यार्थी